वाचक विचारतात: कॉलेजातलं नेट, केबल अन् भिंतीवरचे पॅनल

मागच्या अंकात आम्ही कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅब, नेट अन् स्मार्ट क्लासरूमबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, अन् त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर, की पैसे खर्च झाले पण नेट चालून नाही राहिलं. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय (कारण आपल्याला माहीतच आहे), म्हणून फक्त हुद्दा अन् एरिया देतोय.

"आमच्या कॉलेजनी ३०० एमबीपीएसची फायबर लाइन घेतली. सकाळी ८ वाजता मस्त चालते. ११ वाजले की फोनवर वायफाय कनेक्टेड दाखवते पण काहीच उघडत नाही. कंपनीचा माणूस येतो, स्पीड दाखवतो अन् निघून जातो. आता मॅनेजमेंट म्हणते ५०० ची लाइन घ्या. घ्यावी का?" — प्राध्यापिका, नंदनवन

नका घेऊ मॅडम, थांबा जरा. आधी एक काम करा, बरोबर साडेअकराला, गर्दीच्या वेळी, एक लॅपटॉप घ्या अन् वायफाय बंद करून केबलनी थेट राउटरला लावा, अन् स्पीड बघा. तिथे अडीचशे-तीनशे दिसले तर लाइनचा काही दोष नाही, लाइन वाढवून काहीच होणार नाही. माझा अंदाज आहे की तिथे स्पीड दिसेल, कारण "सकाळी चालते, ११ नंतर कनेक्टेड पण चालत नाही" हे लक्षण बहुतेक वेळा पत्ते संपल्याचं असतं.

म्हणजे काय, तर नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आयपी पत्ता देतो. साध्या राउटरच्या सेटिंगमध्ये असे पत्ते जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास असतात, हिशोबात २५४, त्यातला एक राउटर स्वतःच ठेवतो. हॉलमध्ये २५३ खुर्च्या आहेत अन् बाहेर ६०० पोरं उभी आहेत असं समजा, अन् त्यात भर म्हणजे जो एकदा बसला त्याची खुर्ची २४ तास त्याच्या नावावर, तो घरी निघून गेला तरी. बऱ्याच राउटरला हा वेळ, ज्याला लीज टाइम म्हणतात, तो कंपनीतून येतानाच २४ तासांचा असतो. सकाळच्या बॅचची पोरं पत्ते घेऊन साडेदहाला निघून जातात, अकराच्या बॅचला पत्ताच उरत नाही. म्हणून तुमच्या नेटवाल्याला दोन गोष्टी सांगा, विद्यार्थ्यांच्या वायफायचा लीज टाइम १ ते २ तास कर, अन् पत्त्यांची रेंज वाढव, त्याला "स्लॅश २२ कर" म्हटलं की समजेल, त्यात १०२२ पत्ते मिळतात. या दोन्हीला एक रुपयाही लागत नाही, अर्धा तास लागतो.

त्यानंतरही अडलं तर वायफायचे डबे मोजा. एका ॲक्सेस पॉइंटवर ३०-४० पोरं एकाच वेळी खरंच काही बघत असतील तर तो दमतो, डब्यावर काहीही आकडा छापलेला असू द्या. अन् घरगुती राउटर व्हरांड्यात लावून चार खोल्या कव्हर होतील असं समजू नका, आपल्या जुन्या बिल्डिंगांच्या भिंती जाड असतात, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून जाता जाता मरतो. ज्या खोलीत पोरं बसतात त्या खोलीत डबा लावा. २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर शेजारशेजारचे डबे १, ६ अन् ११ या चॅनेलवरच ठेवा, बाकीचे चॅनेल एकमेकांवर चढतात. मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय, सगळे डबे ऑटोवर अन् सगळेच्या सगळे चॅनेल ६ वर.

आणि हो, ऑफिस अन् परीक्षा विभाग त्याच वायफायवर असेल तर आजच वेगळा करा. व्हीलॅन म्हणतात त्याला, एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्क. पेपर डाऊनलोड व्हायच्या वेळी पोरांची क्रिकेट मॅच मधे यायला नको.

"जुन्या बिल्डिंगमधून नव्या बिल्डिंगला कॅट सिक्स केबल टाकली आहे, साधारण १३० मीटर. नेट अधूनमधून जाते. शिवाय दर पावसाळ्यात एक-दोन स्विच (नेटच्या केबली एकत्र जोडणारे डबे) जळतात. केबल बदलावी की स्विच चांगल्या कंपनीचा घ्यावा?" — लॅब असिस्टंट, कामठी

दोन्ही नाही. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे, कॅट फाइव्ह-ई असो की कॅट सिक्स. १३० मीटरवर चालतंय हेच नवल, अन् "अधूनमधून जाते" हे त्याचंच उत्तर. दोन बिल्डिंगांच्या मधे फायबर टाका. त्यात अंतराचाही प्रश्न मिटतो अन् जळण्याचाही, कारण तुमचे स्विच पावसानी नाही जळत, विजेनी जळतात. विदर्भात जूनच्या सुरुवातीला कसा कडकडाट होतो ते तुम्हाला सांगायला नको. वीज जवळपास कुठे पडली तरी दोन बिल्डिंगांच्या अर्थिंगमधे फरक पडतो, अन् तो फरक भरून काढायला करंट तुमच्या तांब्याच्या केबलमधून पळतो, मधे स्विच येतो, बसला. फायबर काचेचा, त्यातून करंट जात नाही.

फक्त एक बघा, जमिनीतून टाकायला आर्मर्ड फायबर देतात, त्याला वरून लोखंडी कवच असतं, उंदीर अन् फावड्यापासून वाचायला. ते कवच करंट नेतं! त्यामुळे ते नीट अर्थ करायचं, नाहीतर पाइपात टाकायचं असेल तर बिनधातूचा फायबर मागायचा. सिंगल मोड, म्हणजे लांब पल्ल्याचा प्रकार, ६ कोर (आत काचेचे ६ धागे) घ्या, दोन कोरच लागतील पण खड्डा एकदाच खोदायचा असतो अन् पुढच्या प्रिन्सिपलला परत खोदायला लावू नका.

अर्थिंगचं म्हणाल तर तुमच्या इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल अन् अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांगा, २-३ व्होल्टच्या वर असेल तर काहीतरी गडबड आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, मग अर्थ फक्त नावाला. मार्चपासून शिपायाला सांगून खड्ड्यात पाणी टाकायला लावा.

केबलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ३०५ मीटरचा बॉक्स कोणी फारच स्वस्तात देत असेल तर आतली तार ब्लेडनी खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून फक्त तांब्याचा मुलामा. अशी केबल लांब ओढली की नेट कमी होतं, अन् त्यातूनच ॲक्सेस पॉइंटला करंट द्यायचा असेल, म्हणजे पीओई, तर ती तापते. टेंडरमध्ये "शुद्ध तांबं" असे शब्द लिहा, बिलावर पण लिहून घ्या. केबल भिंतीत १५-२० वर्षं राहते, डबे पाचेक वर्षात बदलतात, त्यामुळे पैसा कुठे घालायचा अन् कुठे वाचवायचा ते बघा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

"संस्थेनी १२ वर्गखोल्यांना ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटानी चालणारे मोठे स्क्रीन) लावायचं ठरवलं आहे. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) टीम यायची आहे. काही सर म्हणतात प्रोजेक्टरच बरे. आपलं मत काय?" — संस्थेचे सहसचिव, धंतोली

साहेब, आधी टेप घेऊन वर्गात जा. शेवटच्या बाकापासून भिंत किती लांब आहे ते मोजा. या धंद्यातला एक जुना हिशोब आहे, स्क्रीनच्या उंचीच्या ६ पटीपर्यंत बसलेल्या माणसाला त्यावरची अक्षरं आरामात वाचता येतात. ६५ इंची पॅनलची उंची साधारण ८१ सेंटीमीटर, म्हणजे पावणेपाच-पाच मीटरपर्यंत. ७५ इंचीचं साडेपाच मीटर, ८६ इंचीचं साडेसहाच्या आत. तुमचा ८० पोरांचा वर्ग ९ मीटर लांब असेल, अन् असतोच, तर मागच्या चार-पाच बाकांना काहीच दिसणार नाही. तेच १२० इंची पडद्यावर प्रोजेक्टर टाकला तर उंची होते दीड मीटर, म्हणजे ९ मीटरपर्यंत वाचता येतं. म्हणून माझं मत, मोठ्या वर्गाला प्रोजेक्टर, ३० पोरांच्या ट्यूटोरियल रूमला पॅनल. सगळीकडे एकच वस्तू घ्यायची म्हणजे बिल सोपं होतं, शिकवणं सोपं होत नाही.

प्रोजेक्टर घ्यायचाच तर लॅम्पचा नका घेऊ, लेझरचा घ्या. लॅम्प ३ ते ५ हजार तासांत जातो अन् दुसरा लॅम्प मागवायला मंजुरी मिळेपर्यंत सेमिस्टर संपतं, लेझरवाला २० हजार तासांच्या हिशोबानी बनवलेला असतो. उजेड ४ हजार ल्युमेन्सच्या खाली जाऊ नका, आपल्याकडे खिडक्या बंद करून शिकवायची सोय नाही, एप्रिलात तर नाहीच नाही. खडूचा फळा शेजारी असेल तर फिल्टर महिन्यातून एकदा झटकायला कोणाच्या तरी नावानी लिहून द्या, नाहीतर धुळीनीच मरतो तो.

पॅनल घेणार असाल तर त्यातल्या अँड्रॉइडवर विसंबू नका. तो दोन-तीन वर्षांत जुना होतो, अपडेट येत नाही, ॲप चालत नाहीत. मागे कॉम्प्युटर बसवायचा ओपीएस स्लॉट आहे का ते विचारा, म्हणजे उद्या फक्त तो भाग बदलता येईल. अन् प्रत्येक पॅनलपर्यंत लॅन केबल आणा, वायफायवर पॅनल म्हणजे सरांनी "थांबा रे, लोड होऊन राहिलं" म्हणत १० मिनिटं घालवायची. एचडीएमआय केबल साधी असेल तर १० मीटरच्या पुढे ओढू नका.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मी सांगणारच. कूलर चालू असताना शेवटच्या बाकावर सरांचा आवाज ऐकू येतो का? मार्च ते जून आपल्या नागपुरात वर्ग म्हणजे कूलरचा घरघराट, त्यात ६५ इंची पॅनल कितीही चमकला तरी पोराला शब्द समजत नाही. एक कॉलर माइक, एक ॲम्प्लिफायर, दोन भिंतीवरचे स्पीकर, बस. पॅनलच्या किमतीपुढे हे काहीच नाही अन् फरक पहिल्याच दिवशी कळतो. पण माइकचा फोटो अहवालात छान येत नाही ना.

नॅकचं म्हणाल तर त्यांच्या जुन्या फॉर्मातही आयसीटी (कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, नेट) सुविधा असलेल्या खोल्या किती, विद्यार्थ्यांमागे कॉम्प्युटर किती, नेटची बँडविड्थ किती असं विचारलेलं असायचं. पॅनलच पाहिजे असं नाही. टीमसमोर वर्ग खरंच चालू असलेला दिसला तर जास्त बरं.

"सर्व्हर रूमला एसीचं बजेट नाही. कूलर लावला तर चालेल का?" — क्लार्क, सक्करदरा

नाही चालणार. कूलर ओली हवा फेकतो, वरून बोअरचं खारं पाणी असलं की पिना गंजतात, बोर्डवर पांढरं बसतं. त्यापेक्षा कूलरशिवायची साधी खोली बरी. रॅक (स्विच अन् सर्व्हर ठेवायचं लोखंडी कपाट) वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ठेवला असेल तर तो खाली आणा, तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, एक्झॉस्ट फॅन लावून. स्विचच्या मागे बघा, किती डिग्रीपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, बऱ्याच साध्या स्विचवर ४० नाहीतर ४५ लिहिलेलं असतं, अन् २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ ला गेला होता. यूपीएसची बॅटरी तर उष्णतेनी अजूनच लवकर जाते, २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला तिचं आयुष्य साधारण अर्धं होतं. म्हणून बॅटऱ्या दोन वर्षांत बसतात अन् आपण कंपनीला शिव्या देतो. एसी लावायचा एकच असेल तर तो कुठल्या खोलीत लावायचा हे प्रिन्सिपल साहेबांना मी सांगत नाही, तुम्हीच सांगा.

"लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर आहेत, सहाव्या जनरेशनचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. व्हेंडर म्हणतो आता सगळे भंगारात काढा." — एचओडी, कॉमर्स, महाल

व्हेंडर अर्धं खरं बोलतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर अन् टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतो, तुमचा प्रोसेसर त्यात बसत नाही. पण म्हणून ३०च्या ३० फेकायचे? शिक्षणसंस्थांना वाढीव सिक्युरिटी अपडेट मायक्रोसॉफ्ट फार कमी दरात देते, मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. एवढ्यात तुम्हाला टप्प्याटप्प्यानी बदलायला वेळ मिळतो. दरम्यान जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका अन् रॅम ८ जीबी करा, मशीन ओळखू येणार नाही. ज्या लॅबमध्ये फक्त ब्राउझर, टायपिंग अन् स्प्रेडशीट शिकवता तिथे विंडोजऐवजी उबंटू टाकून बघा, ते फुकटचं लिनक्स आहे. टॅली मात्र विंडोजवरच चालवायची असते, तुमचा कॉमर्स विभाग, म्हणून टॅलीसाठी १० नवीन मशीन घ्या अन् बाकीचे लिनक्सवर.

जे खरंच काढाल ते कबाड्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्यायचं अन् पावती ठेवायची. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या, त्यात पोरांचे आधार नंबर पडलेले असतात.

"आमच्याकडे यूजीसीच्या योजनेतून सुरू झालेला कम्युनिटी कॉलेजचा डिप्लोमा चालतो, मोबाइल रिपेअरिंगचा. पोरं दिवसा कामाला, बॅच संध्याकाळी, लॅब डिग्रीवाल्यांची. आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात आहे, तिथे प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड होऊन मिळते म्हणतो. आपल्याकडे होऊ शकते का?" — को-ऑर्डिनेटर, काटोल

होऊ शकते, पण त्यांच्यासारखं नाही. तिथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्वतंत्र, बहुतेक दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं कॉलेज, त्यांचा स्वतःचा आयटी विभाग असतो. आपल्याकडे ते चालू कॉलेजातच जोडलेलं असतं, लॅब उधारीची, माणूस उधारीचा. त्यामुळे खोलीत कॅमेरे बसवायच्या भानगडीत पडू नका.

एक बऱ्यापैकी फोन, ट्रायपॉड अन् कॉलर माइक, झालं. तुमच्या कोर्सला तर सरांचं तोंड नाही, सरांचे हात दिसायला पाहिजे, सोल्डरिंग करताना. फोन वरून खाली टेबलाकडे लावा. ४५ मिनिटांचा ७२० पीचा व्हिडिओ दाबून लहान केला तरी साधारण ५०० एमबी होतो, पोरांच्या दिवसाच्या दीड जीबी डेटातला तिसरा हिस्सा एकाच लेक्चरला गेला. म्हणून अख्खं लेक्चर नका टाकू, एक काम एक व्हिडिओ, ८-१० मिनिटांचा.

अन् नेटवर अवलंबून राहू नका. एखादा जुना कॉम्प्युटर लॅबमध्येच सर्व्हर म्हणून ठेवा, त्यावर मूडल टाका, ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, व्हिडिओ त्यात. पोरगा लॅबच्या वायफायवर आला की बाहेरचं नेट बंद असलं तरी डाऊनलोड करून घरी नेतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, ते नेटशिवाय वापरता येतात, बेसिक कॉम्प्युटरसाठी चांगले आहेत. अपलोड जे काही करायचं ते रात्री.

"कॉलेजच्या वायफायवर इन्स्टा बंद केलंय. व्हीपीएन टाकला तर कळतं का?" — बीएससी, दुसरं वर्ष, धरमपेठ

व्हीपीएन, म्हणजे तुझं नेट झाकून दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारं ॲप, चालू आहे हे कळतं, आत काय बघून राहिला ते नाही कळत. पण फुकटचा व्हीपीएन टाकून त्यावरून परीक्षा फॉर्मची फी नको भरू बाप्पा, तो ॲपवाला तुझ्यावर दया म्हणून सर्व्हर चालवत नाही. त्यापेक्षा सीआरला (वर्गप्रतिनिधीला) घेऊन जा अन् सरांना सांगा की बंद करण्याऐवजी प्रत्येक फोनला स्पीडची मर्यादा लावा. सर, तुम्ही वाचून राहिले असाल तर ऐका, पोराचं बरोबर आहे.

"ज्या मुलानी आमचं नेटवर्क बसवलं तो पुण्याला गेला, फोन उचलत नाही. स्विच, ॲक्सेस पॉइंट कशाचाच पासवर्ड कोणाकडे नाही. आता एका खोलीत नेट बंद आहे." — प्रभारी प्राचार्य, हिंगणा रोड

तुमच्यासारखी अजून चार पत्रं आहेत सर, त्यामुळे लाजू नका.

बंद खोलीसाठी पासवर्ड लागेलच असं नाही, आधी ती केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, अन् कोणी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीच्या दोन पॉइंटांमध्ये तर नाही घातली ना ते बघा, साध्या स्विचला तेवढ्यानी अख्खा मजला बंद पडतो.

मग पासवर्ड. बहुतेक डब्यांना रिसेटचं बारीक छिद्र असतं, पण ते दाबलं की सगळी सेटिंग जाते, म्हणून आधी तयारी. रॅकचे फोटो काढा, कोणती केबल कोणत्या पोर्टात ते दिसेल असे. प्रत्येक केबलला खोली नंबरची चिठ्ठी चिकटवा. नेटवाल्या कंपनीकडून तुमच्या लाइनचं युजरनेम-पासवर्ड लेखी घ्या, ते तुमचंच आहे. नवीन माणूस आणा अन् त्याच्यासोबत तुमचा एक लॅबवाला बसवा, नुसता चहा आणायला नाही, लिहून घ्यायला. काम झालं की सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर, पासवर्ड कागदावर, पाकीट सीलबंद करून तुमच्या कपाटात, दुसरी प्रत संस्थेच्या ऑफिसात. बिलाचा शेवटचा हप्ता पाकीट हातात आल्यावरच द्यायचा, हे वर्कऑर्डरमध्येच लिहा. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करणार असाल तर "किती तासांत येणार" हे लिहून घ्या अन् एक जास्तीचा स्विच कपाटात घेऊन ठेवा.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत करा. परीक्षा चालू असताना रिसेटच्या छिद्राला टाचणी लावू नका.